पहाटे साडेचारला सर्व्हर नेमका कशासाठी थांबतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वागळे इस्टेटमधील आपल्या कार्यालयाने तयार केलेले पट्टीचे, म्हणजे शेतकऱ्याला विक्रीचा हिशेब देणाऱ्या पावतीचे, सॉफ्टवेअर वाशीच्या भाजीपाला बाजारातील काही गाळ्यांवर चालते. त्याचा पोस्टग्रेस १५ या डेटाबेसचा सर्व्हर महापे येथील एका डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेला असून तो ८ कोअर आणि ३२ जीबी मेमरीचा आहे. पहाटे साडेचार ते सव्वापाच या वेळेत एक पट्टी निघायला कधी कधी ४० सेकंद लागतात, गाळ्यांवरून फोन सुरू होतात, आणि सकाळी दहा वाजता आपण पाहायला बसता तेव्हा सर्व्हर ठणठणीत असतो. सीपीयूचा आलेख त्या वेळेतही ३० टक्क्यांच्या वर गेलेला नसतो. अशा स्थितीत देखरेखीसाठी कोणते टूल घ्यावे आणि एखादी तयार स्क्रिप्ट मिळेल का, असे आपण विचारले आहे.

टूलचे नाव मी शेवटी सांगेन, कारण आपल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. सीपीयू मोकळा असताना काम अडते याचा अर्थ सर्व्हर काम करीत नाही, तो कशाची तरी वाट पाहत आहे. ही वाट डिस्कची असेल, दुसऱ्या कोणी धरून ठेवलेल्या लॉकची (नोंदीवरच्या तात्पुरत्या कुलपाची) असेल किंवा नेटवर्कपलीकडच्या प्रोग्रामची असेल. सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे टक्के दाखवणारे कितीही सुंदर आलेख भिंतीवर लावले तरी ही वाट त्यांत दिसत नाही. म्हणून देखरेखीच्या व्यवस्थेकडून मी एकच गोष्ट आधी मागतो: काल पहाटे ४ वाजून ४१ मिनिटांनी कोणकोणती कनेक्शने कशासाठी थांबली होती आणि त्यांना कोणी अडवले होते, हे तिला आज सकाळी दहा वाजता सांगता आले पाहिजे.

पोस्टग्रेसमध्ये ही माहिती पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी या व्ह्यूमध्ये, म्हणजे टेबलासारख्या वाचता येणाऱ्या यादीत, असते. सर्व्हरवरील प्रत्येक प्रोसेससाठी त्यात एक ओळ असते आणि त्या ओळीत ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे काम) केव्हा सुरू झाले, सध्याची क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) केव्हा सुरू झाली, स्थिती काय आहे आणि प्रोसेस थांबलेली असेल तर कशासाठी, हे सर्व मिळते. थांबण्याच्या कारणाचे दोन रकाने, वेट इव्हेंट टाइप आणि वेट इव्हेंट, २०१६ मध्ये आलेल्या ९.६ आवृत्तीपासून आहेत. अडचण एवढीच की हा व्ह्यू फक्त आत्ताचे चित्र दाखवतो. मागचे काही साठवून ठेवत नाही. ओरॅकलमध्ये हीच गोष्ट अ‍ॅक्टिव्ह सेशन हिस्टरी या नावाने दर सेकंदाला आपोआप टिपली जाते. पोस्टग्रेसमध्ये ते काम आपल्यालाच करावे लागते, आणि आपण मागितलेल्या स्क्रिप्टचे मुख्य प्रयोजन हेच असावे.

हे किती उपयोगी पडते ते एका उदाहरणावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी तुर्भ्यातील एका वाहतूक व्यावसायिकाकडे मी असाच त्रास पाहिला होता. तिथे पट्टीऐवजी बिल्टी, म्हणजे मालाच्या वाहतुकीची पावती, होती आणि वेळ संध्याकाळी सातची होती. दर दहा सेकंदांनी नोंद घेणारी स्क्रिप्ट लावल्यावर दुसऱ्याच दिवशी एक ओळ सापडली: एकूण कनेक्शने ६४, सक्रिय २३, त्यांपैकी लॉकसाठी थांबलेली २१, सर्वांत जुने ट्रान्झॅक्शन ३८ सेकंदांचे. थांबलेल्यांपैकी एकाच्या पुढे ट्रान्झॅक्शन आयडी असे लिहिले होते आणि बाकीच्यांच्या पुढे टपल, म्हणजे टेबलातील ओळ. पोस्टग्रेसशी परिचय असलेल्या माणसाला हे शब्द पाहिल्यावर चित्र उभे राहते, कारण एकाच ओळीसाठी रांग लागली की रांगेतला पहिला जण मालकाचे ट्रान्झॅक्शन संपण्याची वाट पाहतो आणि त्याच्यामागचे त्या ओळीवरच्या पाळीची वाट पाहतात. या सगळ्यांना अडवणारी प्रोसेस मात्र काहीही करीत नव्हती. तिची स्थिती आयडल इन ट्रान्झॅक्शन अशी होती आणि वेट इव्हेंटमध्ये क्लायंट रीड लिहिले होते, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून ती आपल्याच अ‍ॅप्लिकेशनकडून पुढचा हुकूम येण्याची वाट पाहत होती.

कारण कोडमध्ये सापडले. बिल्टीचे क्रमांक सलग हवेत म्हणून एका छोट्या टेबलात शेवटचा क्रमांक ठेवला होता. प्रत्येक बिल्टी त्या ओळीत एक मिळवत असे आणि कमिट होईपर्यंत, म्हणजे ट्रान्झॅक्शन पक्के होईपर्यंत, ती ओळ धरून ठेवत असे. कोणीतरी नंतर सोयीसाठी ग्राहकाला एसएमएस पाठवण्याचे काम कमिटच्या आधीच घुसवले होते. एसएमएसची सेवा एरवी अर्ध्या सेकंदात उत्तर देई, पण गर्दीच्या वेळी ती तीस-पस्तीस सेकंद घेई, आणि तेवढा वेळ सर्वांच्या बिल्ट्या एका ओळीमागे उभ्या राहत. एसएमएसची ओळ कमिटच्या खाली नेली आणि प्रकरण मिटले. त्याआधी तिथे मेमरी दुप्पट करून झाली होती. आपल्याकडे पट्टी क्रमांक कसा दिला जातो आणि शेतकऱ्याला मोबाइलवर संदेश कोणत्या टप्प्यावर जातो, हे स्क्रिप्ट लिहिण्याआधीच एकदा कोडमध्ये पाहावे, असे मी सुचवतो. तेच कारण असेल असे मी म्हणत नाही, पण लक्षणे बरीच जुळतात.

आता स्क्रिप्टकडे वळू. तिच्यासाठी सुपरयूजर, म्हणजे सर्व अधिकार असलेला यूजर, वापरू नये. २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून पीजी मॉनिटर ही भूमिका उपलब्ध आहे, ती दिलेला वेगळा यूजर पुरतो. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये न लिहिता पीजीपास फाइलमध्ये ठेवावा, आणि त्या फाइलची परवानगी ६०० पेक्षा सैल असेल तर लिनक्सवर पोस्टग्रेसचा क्लायंट ती फाइल वापरतच नाही, हेही लक्षात ठेवावे. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीतून, चालवताना पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या क्लायंटचा पूर्ण मार्ग द्यावा, कारण टर्मिनलवर चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये न चालण्याचे बहुतेक वेळा तेच कारण असते. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी पुरेशा आहेत: स्थितीनुसार आणि वेट इव्हेंटनुसार कनेक्शनांची मोजणी, पाच सेकंदांपेक्षा जुनी ट्रान्झॅक्शने व त्यांच्या क्वेरीचे पहिले दोनशे वर्ण आणि अ‍ॅप्लिकेशनचे नाव, लॉकसाठी थांबलेल्या प्रोसेस आणि त्यांना अडवणाऱ्यांचे क्रमांक, आणि त्याच क्षणीचा, काम चालू असलेल्या व अडकलेल्या प्रोसेसची सरासरी सांगणारा, लोड अ‍ॅव्हरेज. अडवणाऱ्यांचे क्रमांक पीजी ब्लॉकिंग पिड्स या फंक्शनने मिळतात. हे फंक्शन लॉक मॅनेजरला क्षणभर पूर्णपणे अडवून धरते, म्हणून ते सरसकट सर्व ओळींवर न लावता वेट इव्हेंट टाइप लॉक असलेल्या ओळींपुरतेच वापरावे. शिवाय ते रांगेत आपल्यापुढे उभे असलेल्यांचीही नावे देते, त्यामुळे खरा अपराधी शोधताना जो इतरांना अडवतो पण स्वतः कोणामुळे अडलेला नाही, असा क्रमांक वेगळा काढावा लागतो.

क्रॉनचे सर्वांत लहान माप एक मिनिट आहे आणि आपल्या ४० सेकंदांच्या त्रासाला ते मोठे पडते, म्हणून स्क्रिप्टच्या आत सहा फेऱ्यांचा लूप आणि दोन फेऱ्यांमध्ये दहा सेकंदांची विश्रांती ठेवावी. शेवटच्या फेरीनंतर मात्र विश्रांती नको. ती ठेवली तर स्क्रिप्ट साठ सेकंदांपेक्षा थोडी जास्त चालते, पुढच्या मिनिटाची स्क्रिप्ट आधीची चालू आहे असे पाहून परत जाते, आणि एक मिनिटाआड नोंदी गायब होतात. मी हे स्वतः केले आहे आणि अशी भोके का पडतात हे कळायला मला एक आख्खी दुपार लागली.

आधीची स्क्रिप्ट चालू असताना नवी सुरू होऊ नये यासाठी एफलॉक ही आज्ञा नॉन ब्लॉकिंग (वाट न पाहता परत फिरणाऱ्या) पर्यायासह वापरावी. हा नियम मी ठेच लागून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका ग्राहकाच्या सर्व्हरवर मी दर मिनिटाला एका मोठ्या टेबलातील ओळी मोजणारी स्क्रिप्ट लावली होती. रात्री बॅकअप चालू झाल्यावर ती मोजणी मिनिटभरात संपेना, क्रॉन दर मिनिटाला नवीन सोडत राहिला, आणि पहाटेपर्यंत माझ्याच स्क्रिप्टने शंभरच्या शंभर कनेक्शने भरून टाकली. सर्व्हर बंद पाडणारी गोष्ट त्याची देखरेख करणारीच होती, हे दुसऱ्या दिवशी समजावून सांगणे फारसे सुखाचे नव्हते. तेव्हापासून देखरेखीच्या प्रत्येक कनेक्शनवर मी दोन सेकंदांचा स्टेटमेंट टाइमआउट (त्याहून लांबलेली क्वेरी आपोआप रद्द करणारी मर्यादा) लावतो, अ‍ॅप्लिकेशनच्या नावात स्पष्टपणे मॉनिटर असे लिहितो, आणि ओळींचा अंदाज हवा असेल तर सिस्टिम कॅटलॉगमधील रेलटपल्स या अंदाजी आकड्यावर भागवतो. कनेक्शने खरोखरच संपली तर पोस्टग्रेस शेवटच्या तीन जागा सुपरयूजरसाठी राखून ठेवतो, पण आपला मॉनिटर यूजर सुपरयूजर नसल्यामुळे त्याला नेमक्या गरजेच्या वेळी दार बंद मिळते. १६ व्या आवृत्तीत साध्या यूजरसाठीही जागा राखण्याची सोय आली आहे; १५ वर असेपर्यंत कनेक्शन मिळाले नाही हीसुद्धा एक नोंद समजून ती वेळेसह लिहून ठेवावी.

वेळेबद्दल एक सूचना वेगळी करतो, कारण ती क्षुल्लक वाटते. भाड्याच्या सर्व्हरचे घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, असते. आपल्या पहाटेचे ४ वाजून ४० मिनिटे म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे रात्री ११ वाजून १० मिनिटे. गाळेवाल्याने सांगितलेली वेळ घेऊन लॉगमध्ये त्याच तारखेचे ४:४० शोधत बसलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांना त्या वेळेत म्हणजे आपल्या सकाळच्या दहानंतरच्या शांत नोंदी मिळतात आणि लॉगमध्ये काहीच नाही असा निष्कर्ष निघतो. पोस्टग्रेसचा लॉग टाइमझोन आशिया कोलकाता ठेवावा आणि स्क्रिप्टच्या प्रत्येक ओळीत वेळेसोबत अधिक साडेपाच हा फरकही छापावा.

स्क्रिप्टइतकेच काम पोस्टग्रेसच्या स्वतःच्या लॉगकडूनही करून घेता येते आणि त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. लॉग लॉक वेट्स ही सेटिंग आपल्या आवृत्तीत मुळात बंद असते; ती चालू केली की डेडलॉक टाइमआउटपेक्षा, म्हणजे सामान्यतः एका सेकंदापेक्षा, जास्त वाट पाहणाऱ्या प्रत्येकाची नोंद कोणी अडवले यासह लॉगमध्ये पडते. आज संध्याकाळी फक्त एकच गोष्ट करायची असेल तर ही करावी. सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागत नाही, रीलोड पुरतो. लॉग मिन ड्युरेशन स्टेटमेंट ही सेटिंगही मुळात बंद असते; ती अर्ध्या सेकंदावर ठेवून पाहावी आणि लॉग फार फुगला तर वाढवावी. आठवड्याभराचा लॉग पीजीबॅजर या पर्ल भाषेत लिहिलेल्या मोफत प्रोग्रामला दिला की तासानुसार संथ क्वेरींचे आणि लॉकच्या प्रतीक्षांचे वाचनीय पान तयार होते.

कोणत्या क्वेरीने एकूण किती वेळ खाल्ला हे पाहण्यासाठी पीजी स्टॅट स्टेटमेंट्स हे एक्स्टेन्शन हवेच. ते सुरू करायला सर्व्हर एकदा रीस्टार्ट करावा लागतो, तेव्हा ते दुपारी बाजार उठल्यावर उरकावे. त्यातील आकडे साठत जाणारे असतात, हे नवीन माणूस हमखास विसरतो. एखाद्या क्वेरीच्या नावावर ९० तास दिसले म्हणून घाबरायचे कारण नाही. ते मागच्या सहा महिन्यांचे असू शकतात. दर पंधरा मिनिटांनी त्या व्ह्यूची प्रत वेळेसह एका वेगळ्या टेबलात टाकावी आणि साडेचारच्या प्रतीतून सव्वाचारची प्रत वजा करावी, म्हणजे त्या पंधरा मिनिटांचा हिशेब हाती येतो. वजाबाकी ऋण आली तर मध्ये कोणीतरी आकडे शून्य केले असे समजावे. १४ व्या आवृत्तीपासून ती वेळ पीजी स्टॅट स्टेटमेंट्स इन्फो या व्ह्यूमध्ये मिळते. जुन्या लेखांतून उचललेली स्क्रिप्ट इथे अडखळते, कारण टोटल टाइम या रकान्याचे नाव १३ व्या आवृत्तीत टोटल एक्झिक टाइम झाले. तसेच हा व्ह्यू सरासरी, किमान, कमाल आणि प्रमाण विचलन देतो. शंभरातल्या पंचाण्णव पट्ट्या किती वेळात निघाल्या हे तो सांगू शकत नाही. गाळ्यावर उभ्या असलेल्या माणसाला सरासरीशी देणेघेणे नसते, त्यामुळे पट्टी निघण्याचा वेळ आपल्या अ‍ॅप्लिकेशननेच मोजून लिहून ठेवलेला बरा.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाजूने सिसस्टॅट हे पॅकेज पुरेसे आहे. त्यातील सार ही आज्ञा मूळ मांडणीत दर दहा मिनिटांनी नोंद घेते. ते एका मिनिटावर आणावे. आयओस्टॅट (डिस्कसाठी) आणि व्हीएमस्टॅट (मेमरी व सीपीयूसाठी) या आज्ञा चालवल्यावर येणारी पहिली ओळ सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, तेव्हा ती सोडून द्यावी. डिस्कच्या बाबतीत मी टक्केवारीपेक्षा अवेट (प्रत्येक मागणीला लागलेला सरासरी वेळ) हा रकाना पाहतो, कारण एकाच वेळी अनेक कामे करणाऱ्या एसएसडीवर शंभर टक्के व्यग्रता म्हणजे डिस्क थकली असा अर्थ निघत नाही. लिनक्सचा लोड अ‍ॅव्हरेज डिस्कसाठी अडकलेल्या प्रोसेसही मोजतो, त्यामुळे सीपीयू रिकामा असताना लोड वीसवर गेला तर नजर डिस्ककडे वळवावी. सर्व्हर व्हर्च्युअल असल्यास व्हीएमस्टॅटमधील एसटी हा रकाना शेजाऱ्याने आपला किती वेळ पळवला ते सांगतो. मेमरीत फ्री कमी दिसते म्हणून साहेबांनी विचारले तर अव्हेलेबल हा रकाना दाखवावा. उरलेली मेमरी लिनक्स फाइलींच्या कॅशसाठी वापरत असतो आणि गरज पडताच परत देतो. कॅश हिट रेशो (डिस्कऐवजी मेमरीतून मिळालेल्या माहितीचे प्रमाण) ९९ टक्के आहे म्हणून निर्धास्त राहणारेही पुष्कळ आहेत. वर सांगितलेल्या बिल्टीच्या सर्व्हरवर तो ९९.६ होता.

आता टूल. आपल्या आकाराच्या एका सर्व्हरसाठी आकडे गोळा करणारा प्रोमिथियस, त्याला मशीनचे व डेटाबेसचे आकडे पुरवणारे नोड एक्स्पोर्टर व पोस्टग्रेस एक्स्पोर्टर आणि वर आलेख काढणारा ग्राफाना, ही मोफत जोडी मी निवडेन. प्रोमिथियस २०१२ मध्ये साउंडक्लाउड या कंपनीत सुरू झाला आणि आज सगळीकडे दिसतो, त्यामुळे अडल्यास मदत मिळते. तो मूळ मांडणीत फक्त १५ दिवसांची माहिती ठेवतो. आपला ग्राहकवर्ग उद्या फळबाजारात गेला तर यंदाच्या हापूसच्या हंगामाची तुलना मागच्या हंगामाशी करावी लागेल, म्हणून ही मुदत सुरुवातीलाच वाढवावी आणि ही सर्व मांडणी डेटाबेसच्या सर्व्हरवर न ठेवता आपल्या वागळे इस्टेटमधील एखाद्या जुन्या मशीनवर ठेवावी. कार्यालयात झॅबिक्स हे देखरेखीचे टूल आधीच चालू असेल तर ते काढून टाकण्याची गरज नाही. त्यालाही पोस्टग्रेस कळतो. मात्र यांपैकी कोणतेही टूल वर सांगितलेल्या दहा सेकंदांच्या स्क्रिप्टची जागा घेत नाही. लॉकसाठी २१ जण थांबले हे आलेख दाखवेल. ते कोणामुळे थांबले, हे स्क्रिप्टच्या नोंदीत मिळेल.

इतर डेटाबेसबद्दल आपण ओझरते विचारले आहे, म्हणून थोडक्यात. ओरॅकलमधील एडब्ल्यूआर (कामगिरीच्या साठवलेल्या नोंदींचे) अहवाल उत्तम असतात, पण त्यांना एंटरप्राइज एडिशनवर डायग्नॉस्टिक्स पॅकचे वेगळे लायसन्स लागते, आणि लायसन्स नसले तरी अहवालाची स्क्रिप्ट न अडवता चालते, म्हणून आपणच जपावे. लायसन्स नसेल तर स्टॅट्सपॅक हा जुना पर्याय वापरावा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ पासून क्वेरी स्टोअर आहे आणि त्याच्या जोडीला एसपी हू इज अ‍ॅक्टिव्ह ही मोफत प्रोसीजर ठेवावी. मायएसक्यूएलमध्ये संथ क्वेरीची मर्यादा मुळात १० सेकंद असते. ती खाली आणल्याशिवाय स्लो लॉगमध्ये फारसे काही पडणार नाही.

सूचना किती ठेवाव्यात यावर माझे मत कडक आहे. रात्री फोन वाजवणाऱ्या सूचना पाचापेक्षा जास्त असू नयेत, नाहीतर लांडगा आला रे आला होते आणि ड्यूटीवरचा मुलगा फोन सायलेंटवर टाकून झोपतो. माझ्या पाच अशा: मिनिटभरापेक्षा जास्त वेळ लॉकसाठी पाचहून अधिक कनेक्शने थांबली, एखादे ट्रान्झॅक्शन पाच मिनिटांपेक्षा जास्त उघडे राहिले, डिस्कची जागा १५ टक्क्यांच्या खाली आली, कनेक्शने मर्यादेच्या ८० टक्क्यांवर गेली, आणि रात्रीचा बॅकअप झाला नाही. बॅकअपची वेळ पहाटेची असेल तर पाच मिनिटांच्या नियमातून त्याला वगळावे, कारण पीजी डंप हा बॅकअपचा प्रोग्राम आपले ट्रान्झॅक्शन शेवटपर्यंत उघडे ठेवतो. रेप्लिका (डेटाबेसची सतत अद्ययावत होणारी प्रत) असेल आणि तिचा स्लॉट (तिच्यासाठी बदल राखून ठेवणारी नोंद) सोडून दिलेला असेल तर डब्ल्यूएएलच्या, म्हणजे बदलांच्या नोंदींच्या, फाइली साठून डिस्क भरते, त्यामुळे तिसऱ्या सूचनेवेळी तोही तपासावा. सीपीयूसाठी मी फोन वाजवत नाही. गर्दीच्या वेळी सीपीयू वापरला जाणे हे सर्व्हर विकत घेण्याचे कारणच आहे.

लॉग लॉक वेट्स आज चालू करून स्क्रिप्ट उद्यापासून लावली, तर तीन-चार पहाटांत पुरेशा नोंदी जमतील. त्या मला पाठवायच्या असल्यास पहाटे ४:१५ ते ५:३० एवढाच भाग पाठवावा, सोबत पट्टी क्रमांक देणाऱ्या फंक्शनचा कोड आणि बॅकअपच्या क्रॉनची ओळ द्यावी. पाठवण्याआधी एक काळजी घ्यावी: पीजी स्टॅट स्टेटमेंट्स क्वेरीतील मूल्यांच्या जागी चिन्हे ठेवतो, पण पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी आणि लॉग यांत शेतकऱ्यांची नावे व मोबाइल क्रमांक जसेच्या तसे येऊ शकतात. ते खोडूनच फाइल बाहेर जाऊ द्यावी.